विकासात्मक भाषाविकार

श्रवणदोष, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा मेंदूची इजा असे कारण नसतानाही बालकाच्या भाषाविकासात दीर्घकाळ राहणारी अडचण. शाळेच्या उंबरठ्यावरील सुमारे ७ टक्के मुलांत ती आढळते. तरीही स्वमग्नतेच्या मानाने तिच्याकडे फारच कमी लक्ष गेले आहे. २०१६-१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॉरथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषक देशांतील तज्ज्ञांनी निदानाचे निकष आणि नाव यांवर एकमत घडवले.

अशी मुले पहिले शब्द उशिरा बोलतात. मात्र उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. म्हणून दोन वर्षांच्या मुलाबाबत ठाम निदान टाळतात. खरी अडचण वाक्यरचनेत दिसते. मराठीत भूतकाळी वाक्यात कर्त्याचा प्रत्यय आणि कर्माचे लिंग एकाच वेळी सांभाळावे लागते. ‘आईने पोळी केली’ऐवजी पाच वर्षांचे मूल सतत ‘आई पोळी केला’ म्हणत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. ‘टापिमुडे’सारखा निरर्थक शब्द ऐकून लगेच म्हणून दाखवणेही अशा मुलांना जड जाते. पुढे वाचन आणि शाब्दिक गणिते अडतात, आणि मूल विनाकारण ‘ढ’ ठरते.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. घरात दोन भाषा असल्याने हा विकार होत नाही. त्यामुळे घरची मराठी सोडण्याचा सल्ला निराधार आहे. श्रवणचाचणी आधी करतात, मग वाक्-भाषा उपचार. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) दोन्हींची सोय आहे.