जादा किल्ली

परवा लॅपटॉपने ‘रिकव्हरी’चा कप्पा भरल्याची तक्रार केली. भरणारच! आईच्या आवाजासकट साऱ्या फायलींची प्रत मीच तिथं कोंबली होती. भाचा म्हणाला, “मामा, तो कप्पा यंत्राच्या दुरुस्तीचा. शिवाय डिस्क एकच. म्हणजे तिजोरीची जादा किल्ली तिजोरीतच!”

मी ओशाळलो. पण मोठमोठ्यांचंही असंच झालंय. १९९८ साली पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ जवळजवळ पुसला गेला. बॅकअप बघितला, तर तोही बिघडलेला! तारलं ते तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमनबाईंच्या घरच्या प्रतीने. ते यंत्र म्हणे ब्लँकेटात गुंडाळून आणलं.

मीही बाहेरची डिस्क घेतली, प्रत काढली, बहिणीकडे नेऊन ठेवली. भाच्याने विचारलं, “उघडून पाहिलीत का?”

निघालोय तिकडेच.