शेगावात मूळचे कोण?

वऱ्हाडात आमचा वावर निदान इमादशाहीपासूनचा, म्हणजे १४९० पासूनचा. पण शेगावची गर्दी रेल्वेची. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. भुसावळहून निघालेली गाडी शेगाववरून १८६७ साली नागपूरला पोचली आणि कापसामागे माणसे आली. त्यांत आमचीही घरे होती. घरात दखनी, बाजारात वऱ्हाडी. तरी ‘मूळचे कुठले?’ हे आम्हालाच विचारतात. गजानन महाराज १८७८ साली इथे दिसले, ते कुठून आले कोणी खात्रीने सांगत नाही. आणि शेगावची म्हणून मिरवणारी कचोरी? ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका निर्वासिताने स्टेशनावर तळायला घेतली.