सभागृहात हशा पिकतो, तेव्हा हसं कुणाचं होतं?



राजकारण म्हणजे टीव्हीवरचा तमाशा झाला आहे, असं लोक नाक मुरडून म्हणतात. आमचा आक्षेप या वाक्यावरच आहे. तमाशा ही शिवी नव्हे. फडावरचा सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, प्रसंगी राजालाही चार शब्द सुनावत असे. टीव्हीवर उलटं घडतं. वरचे हसतात आणि खालच्याचं हसं होतं. याचा दाखला शोधायला लांब जायला नको. तो आमच्या यवतमाळ जिल्ह्याचाच आहे.

२२ जुलै २००८. अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारला लोकसभेत विश्वासमत घ्यायचं होतं. सारा देश टीव्हीसमोर बसला होता. त्याच दिवशी सभागृहात नोटांची बंडलं फडकवली गेली. त्याच दिवशी राहुल गांधींनी विदर्भातल्या दोन बायकांची नावं घेतली. त्यातली एक जळका गावची कलावती बांदूरकर, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा. नाव उच्चारलं आणि बाकांवरून गोंधळ आणि हशा उसळला. कायद्याच्या सर्वोच्च सभागृहात, थेट प्रक्षेपणात, कापसाच्या पट्ट्यातलं मरण हा विनोदाचा विषय झाला. पुढे ९ ऑगस्ट २०२३ ला अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी राहुल गांधींना तेरा वेळा लाँच झालेला नेता म्हणत चिमटे काढले आणि त्या ओघात पुन्हा कलावतीचं नाव आलं. घर, वीज, गॅस तिला मोदी सरकारने दिला, असा दावा झाला. कलावतीबाईंनी कॅमेऱ्यासमोर तो नाकारला. पंधरा वर्षांत दोन्ही बाजूंनी तिचं नाव वापरलं. सभागृहात माईक मात्र तिच्या हाती कधीच आला नाही.

आता आपला वारसा पाहू. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. हे सारं उघडं पाडतो तो विदूषक. जुन्या संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या होता. जोतीरावांनी त्याला दरबारातून उचललं आणि शेतकऱ्याच्या बाजूने उभं केलं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं, यात नवल नाही. पुढे सत्यशोधक जलशांनी हीच वाट धरली. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सवाल-जवाब तमाशाचे, पण सवाल पाणवठ्याचा, शाळेचा आणि मंदिराच्या दाराचा. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता आपल्या गुलामीचं कारण त्यांना कळे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्याची ती शाळा होती.

विनोद आपल्यावर उलटला तर काय करायचं, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिलं आहे. घटनेच्या कामाला उशीर होतो म्हणून टीका चालली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये शंकर यांनी घटनेला गोगलगाय करून तिच्यावर बाबासाहेबांना बसवलेलं व्यंगचित्र छापलं. संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद यांनी ड्राफ्टिंग कमिटीला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे भरकटलेली समिती, असं नाव ठेवलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आधी हिशेब मांडला. एकूण ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला किती काळ लागला तेही सांगितलं. मग त्या कोटीलाच कोटीने उत्तर दिलं: भरकटलो असू, पण सुकाणू हातात ठेवून, असा त्याचा रोख होता. चिडणं नाही, रडणं नाही. आधी आकडा, मग टोला.

२०१२ मध्ये तेच व्यंगचित्र अकरावीच्या पुस्तकात असल्यावरून संसदेत वादळ उठलं आणि पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. चित्रातला चाबूक खुपणं अगदी स्वाभाविक होतं. पण त्या चित्राला सर्वात सणसणीत उत्तर ठरेल असं २५ नोव्हेंबरचं भाषण हाताशी असताना खुर्च्या मोडायची गरज काय होती?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. टीव्हीवरचा राजकीय विनोद जरूर पाहा, पण प्रेक्षक म्हणून नव्हे, जलशाचे वारसदार म्हणून पाहा. पहिला प्रश्न विचारा: टोला कुणाला बसतोय, सत्तेला की सत्तेच्या बळीला? दुसरा: ज्याच्यावर हसलं जातंय, त्याला उलट बोलायची सोय आहे का? तिसरा: या हशाच्या आवाजात कोणता प्रश्न बुडाला? २००८ च्या हशात कर्ज बुडालं, कापसाचा भाव बुडाला. मोबाइलवर आलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्यावर मत बनवू नका, पूर्ण भाषण शोधा. आणि एकटे पाहू नका. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांसाठी पडदा लावतोच, त्याच पडद्यावर एका संध्याकाळी विहारात संसदेतली अशी एक चकमक दाखवा. मध्येच थांबवा, म्हाताऱ्या आयाबायांना विचारा, यात हसण्यासारखं काय होतं? त्यांचं उत्तर कोणत्याही चॅनलवरच्या चर्चेपेक्षा धारदार असेल.

हसणं ही चैन नाही, ते हत्यार आहे. त्याची मूठ कुणाच्या हातात आहे, एवढं मात्र दर वेळी पाहिलं पाहिजे.

जय भीम! जय जोती!