विटांचे घर वाढवताना

घर अपुरे पडू लागले की ते वाढवावेच लागते. प्रश्न असतो तो वाढवताना जुन्यातले काय राखायचे, याचा. इस्लामच्या इतिहासात हा प्रश्न अगदी पहिल्याच शतकात उभा राहिला.

प्रेषित मुहंमद (स.) यांची मदिनेतील मशीद कच्च्या विटांची होती. तिला लागूनच त्यांच्या कुटुंबाचे हुजरे, म्हणजे राहत्या खोल्या होत्या. बुखारी शरीफमधील नोंदीनुसार हजरत अबू बक्र यांनी मशिदीत काही वाढ केली नाही. हजरत उमर यांनी ती मोठी केली, पण साहित्य तेच ठेवले: कच्च्या विटा आणि खजुराच्या फांद्या. हजरत उस्मान यांनी मात्र घडीव दगड, चुना आणि सागवान वापरले.

पुढे हिजरी 88 च्या सुमारास (इ. स. 707) खलिफा वलीद यांच्या हुकमाने हुजरे पाडून ती जागा मशिदीत घेण्यात आली. प्रेषितांची कबर असलेला हजरत आयशा यांचा हुजरा तेवढा भिंत घालून राखला गेला. त्या वेळी मदिनेचे लोक रडले, असे इब्न साद यांनी नोंदवले आहे. सईद बिन मुसय्यब यांचे म्हणणे होते की हुजरे तसेच ठेवायला हवे होते. प्रेषित किती साधेपणाने राहिले, हे पुढच्या पिढ्यांना डोळ्यांनी पाहता आले असते.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीचे. वीट आणि दगडाची ही इमारत एका जुन्या तलावावर उभी आहे. जमिनीचे मालक एक कोकणी मुसलमान व्यापारी होते. तलाव जसाच्या तसा राखावा, या अटीवर त्यांनी जागा दिली. म्हणून तलाव तसाच ठेवून त्याच्या वर मशीद बांधली गेली. 1837 मध्ये मुहंमद अली रोगे यांनी वरचा मजला चढवला. इमारत वाढली, पण तलाव राहिला. आजही तिथे वजू होतो.

या मशिदीची तारीख ‘जहाज-ए-आखिरत’ या शब्दांत आहे. अबजदप्रमाणे अक्षरांची बेरीज करा: जीम 3, हे 5, अलिफ 1, जे 7; अलिफ 1, खे 600, रे 200, ते 400. एकूण 1217 हिजरी, म्हणजे इ. स. 1802. पाण्यावर उभ्या असलेल्या मशिदीला जहाज म्हणणारा तो कोणी जाणकारच असावा.

भांडुपमध्ये आज बैठ्या चाळी जाऊन इमारती येत आहेत. त्याला विरोध करण्याचे कारण नाही; माणसांना पाणी, संडास, हवा, उजेड हवाच. पण भिंत पाडण्यापूर्वी ती कोणी बांधली, केव्हा बांधली, मुले पहिल्यांदा कुराण शिकली ती खोली कोणती, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. दाराचा एखादा दगड, एक जुनी वीट नव्या जिन्यापाशी सालासह बसवायला फारसा खर्च येत नाही. सईद बिन मुसय्यब यांची हळहळ आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये.