डायनोसॉरच्या लेंडाची कुळकथा

पुण्यात विश्रांतवाडीत इमारतीचा पाया खणला की मुरुमाखाली काळा कातळ लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. त्यात डायनोसॉरची हाडे सापडत नाहीत. डायनोसॉरवेड्या मुलांना आपल्या राज्यातली गोष्ट सांगायची, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिजदुऱ्याला जावे लागते. तिथे नद्या-तळ्यांनी साठवलेल्या जुन्या गाळाचे, ‘लॅमेटा’ नावाचे थर उघडे पडले आहेत. त्यांत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र डायनोसॉरची हाडे मिळाली आणि सोबत मिळाले लेंडाचे दगड.

हाडांवरून उंची, चाल, मानेचा बाक कळतो. पण ‘तो काय खायचा?’ या मुलांच्या प्रश्नाला हाडे अर्धेच उत्तर देतात. टायटॅनोसॉरचे दात पेन्सिलीसारखे बारीक होते. त्यांनी पाला ओरबाडता येई, चावता येत नसे. पोटात नेमके काय गेले, हे लेंडच सांगते.

लेंड वाचण्याची ही विद्या इंग्लंडच्या लाइम रेजिस किनाऱ्यावरची. तिथे जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंगला इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात, पोटाच्या जागी वेगळेच दगड दिसत. फोडल्यावर आत माशांची हाडे आणि खवले निघत. भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये ही विष्ठाच असल्याचे मांडले आणि तिला ‘कॉप्रोलाइट’ म्हटले.

पिजदुऱ्याच्या दगडांचा सविस्तर अभ्यास भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला; आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. विष्ठा सहसा कुजून जाते. चिखलात लवकर गाडली गेली आणि पाण्यातली खनिजे तिच्यात मुरली, तरच तिचा दगड होतो.

पुढचा मोठा टप्पा २००५ चा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद यांनी कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर या दगडांतले वनस्पतींचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. झाडे मुळांवाटे पाण्यातली सिलिका घेतात. ती पेशींत साठून तिचे सूक्ष्म खडे बनतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजले तरी खडा टिकतो आणि त्याच्या घडणीवरून वनस्पतीचे कुळ ओळखता येते. पिजदुऱ्याच्या लेंडात ताड, सूचिपर्णी झाडे यांच्या खड्यांबरोबर गवताचे खडे निघाले, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे!

तोवर समज असा होता, की गवतांत विविधता डायनोसॉर संपल्यानंतर आली. तो या शोधाने मोडला. गवत हा त्यांच्या आहाराचा लहानसा भाग होता, पण ते पोटात गेले होते हे नक्की. २०११ मध्ये याच लेंडातल्या अवशेषांवरून भाताच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला. आपल्या ताटातल्या भाताचे नातेवाईक डायनोसॉरच्या काळात विदर्भात उगवत होते.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. मुले डायनोसॉरचे चित्र काढतील तेव्हा त्याच्या पायाशी थोडे गवतही काढायला सांगा. ते का, हेही सांगा. आणि पिजदुऱ्याला गेलात, तर दगड उचलून आणू नका. तो कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी होता ही माहिती गेली, की निम्मा पुरावा जातो.