सूत्रधार कोण?

दिवाळीच्या आगेमागे कधीतरी ५ नोव्हेंबर उजाडतो आणि आम्हा सांगलीकडच्या माणसांची छाती वीतभर फुगते. १८४३ साली याच दिवशी श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, सांगलीच्या राजवाड्यात, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. मराठी रंगभूमी आपले वय तेथून मोजते. ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मला सांगावयाची आहे ती तिच्या कडेला पडून राहिलेली एक बाब. त्या नाटकात पात्रांच्या हाती लिहिलेली भाषणे नव्हती.

मग नाटक चाले कसे? सूत्रधाराने पद म्हणावे, मागच्यांनी साथ करावी, आणि पद संपले की पात्राने त्याच आशयाचे चार शब्द आपल्या मनाने बोलावे. आजचे शब्द उद्या नसत. पण पावले ठरलेली असत. मृदंगावर थाप पडली की राक्षस आरोळी ठोकून येणार, तलवार गरगर फिरवणार, ठेक्यात पाय आपटणार. पुढच्या पिढीने या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवले खरे. पण त्या नटांचे पाठांतर जिभेवर नव्हते, अंगात होते, हे हसणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

आता कृष्णेच्या प्रवाहाने थोडे उलट वर जाऊ. सांगलीच्या घाटाला लागणारे हे पाणी आधी सातारा जिल्ह्यात वाईच्या घाटांवरून आलेले असते. त्या वाईत वेदपठणाची जुनी परंपरा. तेथला प्रकार सांगलीच्या अगदी उलटा! येथे एक मात्रादेखील हलता कामा नये. घनपाठात दोन शब्द सुलट म्हणावयाचे, मग उलट. पुढे तिसरा जोडून सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. अशी विणकर करतो तशी वीण घालत हजारो शब्द, कागदाला हात न लावता, मुखोद्गत करावयाचे.

वाईचा घनपाठी आणि सांगलीचा राक्षसपार्टी, दोघांचीही स्मरणशक्ती दांडगी. पण ती एकच शक्ती काय? आपली समजूत अशी की डोक्यात एक कोठार असते. हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवीत, तशी आठवण साठवायची आणि लागेल तेव्हा उपसायची. या समजुतीला मोठा धक्का बसला तो अमेरिकेत.

हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाला लहानपणापासून फेफरे येत असे. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही अंगांचा आतला काही भाग काढून टाकला. त्यातच हिप्पोकॅम्पस हा समुद्रघोड्याच्या आकाराचा अवयव बराचसा गेला. फेफरे पुष्कळ कमी झाले. पण हेन्रीच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. आता भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तर तो अनोळखी! ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला एक काम दिले. आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवावयाची. आरशात सारे उलटे दिसते, म्हणून पहिल्यांदा हात कोणाचाही अडखळतो. हेन्रीचाही अडखळला. पण तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. मौज अशी की, हे आपण पूर्वी केले आहे याची त्याला दाददेखील नव्हती. डोके विसरले होते. हात विसरला नव्हता. हा गृहस्थ २००८ साली वारला, तोवर जग त्याला केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखत होते.

म्हणजे पेव एक नव्हे, अनेक; आणि खरे तर पेवे नव्हेतच. मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात आणि त्यांची मंडले बनतात. वारंवार वापराने या मंडलांतले सांधे बळकट होतात, तीच आठवण. आपल्याकडील वैदिकांचीही यात परीक्षा झाली. जेम्स हार्टझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ यजुर्वेदी पंडितांचे मेंदू यंत्राने पाहून, तितक्याच इतर माणसांशी ताडून, २०१६ साली निष्कर्ष छापले. पंडितांच्या उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये मज्जापेशींचा करडा भाग अधिक भरला. पाठांतरानेच तो वाढला, असे मात्र एवढ्यावरून छातीठोक म्हणता येत नाही.

विष्णुदास बाहुल्याही सुरेख करीत. त्यांच्या हातच्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी डागडुजी करून पुन्हा खेळवल्या. बाहुलीची दोरी सूत्रधाराच्या बोटात असते. माणसाची कोणाच्या? १९८६ साली अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या तिघा संशोधकांनी एक मांडणी केली. मेंदूच्या सालीवरून निरोप निघावा, खोल तळाशी असलेल्या पेशींच्या गाठींत उतरावा, आणि थॅलॅमसच्या नाक्यावरून पुन्हा सालीकडे यावा, अशी निदान पाच मंडले शेजारी शेजारी चालतात. एक अंगाच्या हालचालीचे, एक डोळ्यांच्या. उरलेली तीन विचार, मनाचा आवर आणि उमेद यांच्याशी जोडलेली. म्हणजे पाऊल उचलणे आणि मनाने घेणे या शेजारच्या घरच्या गोष्टी! एकटा सूत्रधार आत कोठेच बसलेला नाही.

हे सारे मी वाचले ते फार उशिरा, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

आमचे अण्णाआजोबा जन्मभर कीर्तनात मृदंग वाजवीत आले. उतारवयात त्यांना कंपवात जडला. त्यात तळाच्या त्या गाठींना डोपामीन हे द्रव्य पुरवणाऱ्या पेशी झिजत जातात, हे आम्हांला कोठे ठाऊक! ते अंगणात बरे चालत; पण उंबरठा आला की पाय जमिनीला खिळत. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. घरातली माणसे चिडत. “अण्णा, चला की! कशाला नाटक करता?” असे मीही अनेकदा म्हटले आहे. मी शिक्षक, पोरांना समजून घ्यावे असे वर्गात सांगणारा!

एका दिवाळीच्या आदल्या रात्री त्यांचे जुने साथीदार मुक्कामाला आले. पहाटे अभ्यंगासाठी अण्णा उठले आणि उंबरठ्याशी थिजले. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हाताऱ्याने पितळी डबा ओढला आणि त्यावर साधा चौपट ठेका धरला. अण्णांचे पाऊल उचलले. दुसरे उचलले. ठेक्याबरोबर ते थेट न्हाणीपर्यंत चालत गेले.

बाहेरून ताल मिळाला की पाऊल टाकण्याचा हुकूम थकलेली वाट सोडून दुसऱ्या वाटेने जात असावा, असे आज जाणकार मानतात. दर माणसाला तो सारखाच लागू पडतो असे नाही, आणि तो काही औषधाची जागा घेत नाही. आम्ही अण्णांना डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. पण डबाही उंबरठ्याजवळ कायमचा ठेवला.

तो अजून तेथेच आहे. अण्णा गेले त्याला बरीच वर्षे झाली. मात्र त्या पहाटेनंतर ‘नाटक करता’ हे शब्द आमच्या घरात कोणी कोणाला उद्देशून उच्चारले नाहीत.