यादीत नसलेलं औषध: 2010 च्या द्राक्षांची गोष्ट

आजची गोष्ट 2010 सालची. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडची द्राक्षं कंटेनरमधून युरोपला गेली. सोबत आपल्या प्रयोगशाळेचा ‘पास’ रिपोर्ट होता. आणि तिकडच्या तपासणीत एक नाव निघालं: क्लोरमेक्वाट क्लोराइड. आपले बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात.

हे कीटकनाशक नाही. वेलीची वाढ रोखून घडाचे डोळे तयार व्हावेत, म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ते फवारायचे. द्राक्षं निघणार पुढच्या वर्षी, तोवर काय उरणार? पण उरलं! युरोपची तेव्हाची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टन द्राक्षांत फक्त 1 ग्रॅम.

मग आपला रिपोर्ट खोटा होता का? नाही. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले होते. त्यानंतर अपेडानं निर्यातीच्या द्राक्षांसाठी तपासणी योजना आणली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा तिचा कणा. पण तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच.

आणि नुसतं यादीत नाव टाकून भागत नाही बरं का! तपासणीत आधी द्राक्षांचा लगदा करतात. त्यात इथाइल ॲसिटेटसारखा द्रव घालून जोरात हलवतात. औषधांचे अंश त्या द्रवात उतरतात, तोच पुढे मशीनमध्ये जातो. चहा असो की द्राक्षं, पहिली पायरी हीच: आधी अंश बाहेर काढा, मग मोजा. सीसीसीचा रेणू मात्र विद्युतभारित. तो पाण्यातच रमतो, इथाइल ॲसिटेटकडे फिरकत नाही. त्याच्यासाठी मिथेनॉलची वेगळी पद्धत लागते. द्रवात जे उतरलंच नाही, ते कोट्यवधींचं मशीन तरी कुठून दाखवणार?

त्या हंगामात माल बंदरांत अडकला, भाव कोसळले. रिपोर्ट हातात असूनही शेतकऱ्यांचे पैसे निर्यातदारांकडे थकले. पुढे सीसीसी यादीत आलं. पण कर्ज काढून बाग उभी केलेल्यांसाठी ते वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून ‘अंश सापडला नाही’ असं कुठेही वाचलंत, तर दोन प्रश्न नक्की विचारा: शोधलं काय होतं? आणि कसं?

भेटू पुढच्या भागात!